समुद्रशेवाळाचं आदण

लग्नकार्यात कुणी नवं भेटलं की हमखास विचारतं, "काय करता तुम्ही?" मी सांगते, "समुद्राच्या शेवाळातून खळ काढते." समोरचा माणूस हातातला लाडू ताटात ठेवतो आणि म्हणतो, "आणि कोल्हापुरात समुद्र कुठाय?" एका पाहुण्यांनी तर माझ्या जागी स्वतःच उत्तर दिलं होतं, "रंकाळ्यातलं काढत असतील की!"

रंकाळ्यातलं नव्हे. घाटाखालचं. खडकांवर वाढणारं, तपकिरी, द्राक्षाच्या मण्यांएवढे फुगे असलेलं. रत्नागिरीकडच्या बायका ते कापून वाळवतात आणि पोत्यात भरून आंबा घाटानं आमच्याकडं ट्रक येतो. त्याच्या वासाबद्दल काय सांगावं? मलकापूरला चहाला थांबलं तर हॉटेलवाला ड्रायव्हरला आधी गाडी लांब लावायला सांगतो आणि मग चहा देतो. आमची शेड एमआयडीसीत, शेजारी फौंड्री. पोती उतरायला लागली की फौंड्रीतली माणसं भिंतीवरून ओरडतात, "म्याडम, आज बांगडा का सुरमई?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील गूळ मार्केटात हमाल. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते. होऊ दे. वडिलांना वाटत होतं, पोरीनं डी.एड. करावं आणि शाळेत लागावं. पण रसायनशास्त्राच्या फॉर्मवर सही करायला त्यांना तयार केलं ते माझ्या मामांनी. मामा नेसरीचे, गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात रस आटवून गूळ करणारे. "तिला त्या नळ्याबिळ्यांचा नाद हाय तर करू द्या की. वाया जायाला ती काय रस हाय?" एवढंच ते म्हणाले आणि वडिलांनी सही केली.

आईला माझं काम शेवटपर्यंत पटलं नाही. एकदा शेडवर येऊन दिवसभर बसली आणि जाताना म्हणाली, "सुजाता, तू भिजवतीस, ढवळतीस, गाळतीस, पिळतीस आणि वाळवतीस. एवढ्यासाठी एम्एस्सी केलीस व्हय?"

खरं तर आईनं माझा अख्खा धंदा एका दमात सांगितला होता. वाळकं शेवाळ धुवायचं, सौम्य आम्लात भिजवायचं, मग गरम पाण्यात सोडा घालून ढवळत राहायचं. हळूहळू शेवाळाच्या अंगातला चिकट पदार्थ पाण्यात उतरतो. त्याला अल्जिनेट म्हणतात. तो काढा कापडातून गाळायचा आणि त्यात स्पिरिट ओतायचं. पांढरट दोऱ्या वर येतात, शेवयांसारख्या. त्या पिळायच्या, वाळवायच्या, दळायच्या.

हे अल्जिनेट म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबलचक माळ. फक्त हे मणी गोड लागत नाहीत. ते दोन जातींचे असतात, एक जरा लवचिक आणि एक ताठ. कुठल्या शेवाळात कुठले मणी जास्त, माळ किती लांब, मध्ये कुठं तुटलीय का, रंग किती उतरलाय, राख किती निघते, हे सगळं तपासून सांगायचं म्हणजे माझं दुसरं काम. एम्एस्सी लागते ती तिथं. नुसता चिकटपणा बोटानं कुणालाही कळतो. तो आज जेवढा आला तेवढाच पुढच्या पोत्यातून येईल का, हे बोट सांगत नाही.

आता आमची गिऱ्हाइकं. शेडचे मालक भूपालअण्णा, मूळचे कुरुंदवाडचे. त्यांचा मुख्य धंदा शेवाळाचा अर्क उसावर फवारायला विकणं. पाला उकळा, गाळा, बाटल्या भरा. त्यात मला फारसं काम नसे, पण फोन घ्यायला लागत. एका शेतकऱ्यानं सांगितलं, "म्याडम, ऊस राहू दे, फवारताना बायकोच्या गुडघ्यावर सांडलं आणि गुडघा बरा झाला. आणखी एक कॅन पाठवा." मी त्यांना डॉक्टरांकडं जायला सांगितलं, तर म्हणाले, "डॉक्टरनंच तर बिघडवला हुता!"

एक होते दातांचे डॉक्टर. कवळीसाठी दातांचा ठसा घेतात ना, त्या गुलाबी लगद्यात अल्जिनेटच असतं. त्यांची तक्रार अशी, की पावडर कालवून पेशंटच्या तोंडापर्यंत न्यायच्या आत वाटीतच बसतेय. मी दवाखान्यात गेले. पाणी बोअरचं, किटलीत कॅल्शियमचा पांढरा थर. अल्जिनेटला कॅल्शियम दिसला की संपलं. शेजारशेजारच्या माळा त्याला धरून एकमेकींना घट्ट चिकटतात आणि पातळ द्रावणाचं रबर होतं. पाणी बदललं आणि काम झालं. डॉक्टर खूश. मीही खूश. हा कॅल्शियम पुढं माझ्या शेडमध्ये बादलीतून येणार आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आणि तिसरे मुनीरभाई. इचलकरंजीत कापडावर छपाई करतात. छपाईच्या रंगाला दाटपणा लागतो, नाहीतर फूल पसरून ढग होतो. स्टार्चची खळ घातली तर ती ह्या रंगाशी सोयरीक करते, मग धुतली तरी निघत नाही आणि कापड पापडासारखं कडक. अल्जिनेट रंगाला हात लावत नाही. रंग कापडात गेला की आपण मुकाट्यानं धुऊन बाहेर पडतं. मुनीरभाई ते बाहेरून मागवत. इथंच मिळालं तर त्यांना हवंच होतं, पण आमचे आधीचे दोन नमुने त्यांनी परत पाठवले होते. आमच्या पावडरीचा रंग तपकिरी, त्यांच्या गुलाबी फुलाला मातकट झाक यायची. मी माझे तपासणीचे आकडे दाखवले, तर म्हणाले, "ताई, कागद एक नंबर हाय तुमचा. खरं माझ्या कापडाला वाचता येत न्हाय."

दोन्ही नमुने परत आल्यावर अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस सरळ. "सुजाता, मी तुला अडवलं न्हाय. खरं हे स्पिरिट, ही गाळणी, ही तुझी मशीनं, किती दिस वडायचं? पावसाळा तोंडावर हाय. घाट बंद व्हायच्या आधीची शेवटची पोती आल्यात. त्यांचा एकदा माल करून मुनीरभाईला दे. पास झाला तर चालू. न्हाय तर ती टाकी अर्काला घेतो."

टाकी अर्काला घेणं म्हणजे माझी प्रयोगशाळा बाटल्यांचं गोदाम होणं. नोकरी अण्णांनी काढली नसती, फोन घ्यायला ठेवलंच असतं. पण मी शेवाळातली माळ मोजायला शिकले होते. गुडघ्याच्या चौकश्या ऐकायला नव्हे.

त्याच सुमारास मामा आमच्याकडं कामाला लागले होते. ऊस कारखान्याला जायला लागला तशी त्यांच्या भागातली गुऱ्हाळं एकेक करून थंड पडली. टाकीवर माणूस हवा होता, मी अण्णांना मामांचं नाव सुचवलं. जन्मभर गुळाच्या काहिलीपुढं उभा राहिलेला माणूस. आच, फेस, दाटपणा त्याला काय सांगायचं? पहिल्या दिवशी मामांनी वाकून टाकीत बघितलं आणि म्हणाले, "रंग तर रसाचाच हाय. वास तेवढा पापाचा." आमच्या एका वेळच्या मालाला आम्ही बॅच म्हणायचो. मामा गुऱ्हाळातल्यासारखं आदण म्हणायला लागले आणि महिन्याभरात अख्खी शेड आदण म्हणायला लागली. घरी मी त्यांची सुजे. शेडच्या फाटकातून आत आलं की 'म्याडम', आणि तेही इतक्या जोरात की फौंड्रीपर्यंत ऐकू जावं.

तर ते शेवटचं आदण. सकाळी सोडा घालून, आच लावून दिली. काढा छान उतरत होता. मामांना सांगितलं, आच वाढवू नका, ढवळत राहा, मी आल्यावर गाळू. आणि मी इचलकरंजीला गेले, मुनीरभाईंच्या पाण्याचा नमुना आणायला. दातांच्या डॉक्टरांपासून मी गिऱ्हाइकाचं पाणी तपासल्याशिवाय माल देत नाही. पाणी घेतलं, निघाले, तर मुनीरभाई म्हणाले, "थांबा, मी बी येतो. कशात शिजवता ते तरी बघू द्या एकदा."

आम्ही शेडमध्ये शिरलो. मामा टाकीच्या कठड्याला धरून उभे. झारा आत उभा रोवलेला, आणि पडत नव्हता.

"मामा, काय झालं?"

"म्याडम, आदण बसलं."

आत बघितलं. सकाळचा पातळ काढा जागच्या जागी थरथरत होता. खरवस कसा पातेल्यात हलतो, तसा. काही ठिकाणी नुसती जेली, काही ठिकाणी डोक्याएवढे गोळे.

"काय घातलं ह्यात?"

"चुना."

गुऱ्हाळात रस गढूळ असला की गुळव्या त्यात चुन्याचं पाणी घालतो. घाण बाजूला होते, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची, खाली रस कसा नितळ. ह्याच्यासाठी कुणाला विचारायचं नसतं. आमचा काढा तर गुऱ्हाळातल्या कुठल्याही रसापेक्षा गढूळ. मामांनी तो सकाळभर बघितला, त्यांना बघवेना. माझं आदण मुनीरभाईंकडं रंगावरून परत आलंय, हे त्यांना ठाऊक होतं. पलीकडं बांधकाम चाललं होतं, तिथून त्यांनी चुना आणला, बादलीत भिजवला, वरचं पाणी घेतलं आणि कमी पडेल म्हणून खालचा गाळही घेतला. चुना म्हणजे कॅल्शियम. माझ्या शेडमध्ये चुना नव्हताच, त्यामुळं तो घालू नका, असं सांगायचं कुणाच्या डोक्यात येणार?

मुनीरभाईंनी बोटानं एक गोळा दाबून बघितला. "ताई, ही खळ हाय का ह्याच्या वड्या पाडायच्या?"

अण्णा केबिनमधून आले. टाकीत बघितलं, मामांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "असू दे," म्हणाले. "झालं ते झालं. उद्या टाकी रिकामी करा. सुजाता, तुझ्यावर राग न्हाय माझा."

मामांनी कठडा सोडला. "जन्मभर गूळ बसंना म्हणून रडलो, आज बसलं म्हणून रडायची पाळी आली," असं काहीतरी पुटपुटले आणि खुंटीवरची आपली पिशवी घ्यायला गेले.

मला त्या वेळी दोनच गोष्टी दिसत होत्या. एक, बसलेलं परत सोडवता येतं. कॅल्शियमनं माळा एकमेकींना बांधल्यात, तोडलेल्या नाहीत. आम्लात घातलं की कॅल्शियम निघून जातो, मग परत सोडा दिला की खळ. हे मी पुस्तकात वाचलं होतं, कारखान्यातून असंही करतात हे माहीत होतं. पण युनिव्हर्सिटीत शिकले ते स्पिरिटनं आणि आजवर केलं तेही स्पिरिटनंच. दुसरी गोष्ट वाईट होती. चुना आणि सोडा एकत्र आले की पाणी भलतंच जहाल होतं आणि गरम असेल तर त्यात माळाच तुटायला लागतात. त्या कशानंच जोडता येत नाहीत. म्हणजे आदण वाचणार असेल तर उद्या नाही, आत्ता.

"अण्णा, उद्या रिकामी करायचीच हाय ना? मग आजचा दिवस मला द्या," मी म्हणाले. आच बंद केली. फाटकाकडं निघालेल्या मामांना हाक मारली, आणि तीही म्याडमसारखी नाही. "मामा! घरी जायचं असंल तर खुशाल जा. खरं मळी कोण काढणार?"

ते थांबले. "मळी कुठली आता?"

"बघा की येऊन."

थंड पाणी सोडलं आणि पातळ केलेलं आम्ल बारीक धारेनं घालायला सुरुवात केली. उरलेल्या सोड्याला आम्ल लागलं, बुडबुडे सुटले आणि फेसाबरोबर ते गोळे हळूहळू वर यायला लागले. सगळी टाकी मळी आल्यासारखी भरून आली. मामांनी पिशवी परत खुंटीला लावली. मग पुढं जे झालं ते मला येत नाही, त्यांना येतं. फेस न मोडता, गोळा न फोडता, कडेनं झारा घालून उचलायचं आणि पिंपात सोडायचं. तोंडानं बडबड चालूच. "हयातभर मळी टाकून रस ठेवला. आज रस टाकून मळी ठेवायची. म्याडम, हे शास्त्र हाय का चेष्टा?"

"शास्त्रच हाय. हळू काढा."

मुनीरभाई एका पोत्यावर बसले. चहा आला, तो पिऊन झाला, तरी उठले नाहीत. शेवटी बाह्या सरसावून गोळे विळ्यानं चिरायला आणि आत अडकलेला पाला वेचायला बसले. "आता आलोच हाय तर," म्हणाले.

चिरलेले तुकडे आम्ही धुवायला घेतले आणि तिथं मला पहिल्यांदा आशा वाटली. धुण्याचं पाणी चहासारखं काळपट निघत होतं. पातळ काढ्यातला रंग मी कधीच धुऊ शकले नव्हते. पातळ वस्तू धुणार कशी? आता ती घट्ट होती. रंग पाण्याबरोबर निघून जात होता आणि तुकडे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फिकट होत चालले होते. मग आम्ल, परत धुणं, कापडात बांधून पिळणं. शेवटी त्या ओल्या चोथ्यात सोडा घालून मळलं. मळता मळता चोथ्याची तार निघायला लागली. मामांनी दोन बोटांत धरून ती लांबवली, सवयीनं. "आलं," म्हणाले.

आलं होतं, पण किती, हे मोजायचं होतं. वाळवून, दळून, पाण्यात कालवून मी यंत्राखाली धरलं. आमटीत पळी फिरवताना हाताला किती जोर लागतो, तेच हे यंत्र आकड्यात सांगतं. आकडा माझ्या नेहमीच्या मालापेक्षा खाली आला. थोड्या माळा तुटल्या होत्या, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. राख जरा जास्त, म्हणून आणखी एकदा स्पिरिटनं धुतलं. युनिव्हर्सिटीतल्या मैत्रिणीकडून मण्यांची तपासणी करून घेतली, मणी शाबूत. आणि रंग, फिकट तांदळाच्या पिठासारखा. मी सगळे आकडे, खाली आलेला आकडासुद्धा, जसेच्या तसे लिहून इचलकरंजीला घेऊन गेले.

मुनीरभाईंनी कागद न बघता घडी करून खिशात घातला. खळ केली. दाटपणा कमी म्हणून पावडर जरा जास्त घालावी लागली. गुलाबी रंग कालवला, पांढऱ्या सुती कापडावर फुलं उठवली, वाफ दिली, धुतलं. ओलं कापड उजेडाकडं धरून ते पाकळ्यांच्या कडा बघत राहिले. मग कापड वाळवलं, उलटं केलं आणि गालाला लावलं.

"मऊ हाय," म्हणाले. मग फुलाकडं बोट दाखवून, "आणि गुलाबी गुलाबीच हाय. ताई, चालंल. खरं पुढच्या खेपेला बी असंच पाहिजे. तुमच्या मामाला सांगा, चुना घालूनच पाठवा."

अण्णांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आता दर वेळी चुना टाकून बोंबलत बसायचं काय?" तसं नव्हतं. तो पावसाळा मी त्यावरच घालवला. चुना नव्हे, कॅल्शियमचं निवळ मीठ. थंड काढ्यात, मोजून, बारीक धारेनं, म्हणजे माळाही तुटत नाहीत. गोळ्यांऐवजी सरळ दोऱ्याच पाडल्या. स्पिरिट बंद झालं. टाकी माझ्याकडंच राहिली. पुढच्या हंगामात आकडाही वर आला आणि मुनीरभाईंनी तक्रार केली, की आता पावडर कमी लागते, हाताला सवय राहिली नाही.

एक गोष्ट मात्र राहून गेली. ह्याच शेवाळाच्या पहिल्या आम्लाच्या पाण्यात दुसरा एक पदार्थ उतरतो, फ्युकॉयडन. त्याच्या माळेत गंधक असतो आणि औषधाच्या दृष्टीनं त्याच्यावर जगभर काम चाललंय. तो शुद्ध काढावा, हे माझं कॉलेजपासूनचं मनात. शेडमध्ये तसं साधन नाही, आणि ते पाणी आजही अर्काच्या पिंपात जातं. माझ्या टेबलावर एका बाटलीत चमचाभर आहे, मीच काढलेला. बघते अधूनमधून. कदाचित तो गुडघा त्यानंच बरा झाला असेल, कुणी सांगावं? असं मी गमतीनं म्हणते. लिहून देणार नाही.

कॅल्शियमच्या पिंपाला शेडमध्ये कुणी कॅल्शियम म्हणत नाही. पहिल्या दिवसापासून त्याचं नाव 'मामाचं पाणी'. कुणीतरी पेंटनं पिंपावर तसं लिहूनही टाकलं. तपासणीला येणारे साहेब ते वाचून भुवया उंचावतात आणि मला मुलाखतीसारखं सगळं परत सांगावं लागतं.

मामा आता थकले, नेसरीला असतात. यंदा दसऱ्याला आले तेव्हा हट्ट करून शेडवर आले. फाटकातून ओरडले, "म्याडम, आदण कुठवर आलं?" टाकीत वाकून बघितलं, मग पिंपाशी गेले आणि अक्षरांवरून हात फिरवला.

"सुजे," म्हणाले. शेडमध्ये पहिल्यांदाच. "गुळाच्या ढेपंवर शेतकऱ्याचं नाव पडायचं, अडत्याचं नाव पडायचं. इतका गूळ केला, माझं कशावर पडलं नव्हतं. पडलं ते ह्या घाण वासाच्या पिंपावर." आणि हसत सुटले.

दिवाळीच्या साफसफाईत अण्णांनी सगळी पिंपं रंगवायला काढली. हे पिंपही निळं झालं, नाव त्याखाली गेलं. पेंटर नवा होता. ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून मला विचारत होता, "म्याडम, ह्याच्यावर काय टाकू? खरं केमिकलचं नाव टाकू का पहिलं हुतं ते?"

मी तोंड उघडायच्या आत केबिनमधून अण्णांचा आवाज आला, "हुतं तेच लिही की!"